पांझरेकाठचे पाहुणे

देवपूरला गेलो की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. भाजीवाली मावशी अहिराणीत विचारते, "कव्हय उना भाऊ? कव्हय जाशी?" मशिदीतून बाहेर पडताना अब्बांचे दोस्त विचारतात, "कब आए? कब जा रहे?" भाषा दोन, प्रश्न तेच. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, नदीत कुठला नाला सोडलाय, वॉर्डातला दवाखाना का बंद असतो, यावर तुझं काय म्हणणं, असं मला कुणी विचारत नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. पाहुण्याला चहा विचारतात, घरातली भानगड विचारत नाहीत.

मी देवपुरात वाढलो, तिथल्याच विद्यानगरीत इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. माझ्यासारखे शेकडो आहेत. धुळे, जळगाव, अमळनेर, चोपडा, शिरपूर, मालेगाव, भुसावळ, कुठल्याही गावाचं नाव घ्या. ईदच्या आदल्या रात्री पुण्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स आमच्यानं भरलेल्या असतात. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर येतो, शीरखुर्मा पितो, कब्रस्तानात जाऊन फातेहा पढतो, वांग्याचं भरीत आणि शेवभाजी खातो, मोठ्या पुलावरून नदीचा फोटो काढतो, स्टेटसला 'मेरा शहर' लिहितो आणि तिसऱ्या दिवशी परत निघतो.

या प्रेमावर मला शंका घ्यायची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रेमाचा गावाला काही उपयोग होत नाही. आणि आपल्याला, म्हणजे खानदेशातल्या मराठी बोलणाऱ्या, शिकलेल्या मुस्लिम तरुणांना, हे परवडणारं नाही.

गाव म्हणजे काय होतं

पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांतून येते, धुळ्यापर्यंत पूर्वेला वाहते, पुढे उत्तरेला वळते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. तिच्या दक्षिण काठावर धुळं, उत्तर काठावर देवपूर. १८१८ मध्ये पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं धुळं हे जिल्ह्याचं ठाणं केलं. नवी पेठ आखली गेली. सरळ रस्ते आणि नंबर दिलेल्या गल्ल्या आजही तशाच आहेत. धुळ्याचा माणूस पत्ता सांगतो तो 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर सहा' असा. १८८० च्या गॅझेटिअरमध्ये शहराचे चार भाग दिले आहेत: नवं धुळं, जुनं धुळं, मोगलाई आणि देवपूर. चारही नावं आजच्या टपालात चालतात.

नदीनं या शहराला अधूनमधून आपली आठवण करून दिली आहे. १८७२ च्या पुरानं धुळ्याची मोठी हानी केली. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरचा पूर २०१९ च्या ऑगस्टमधला. पुराच्या दिवसांत दोन्ही काठांची माणसं नदीवर जमतात आणि तेवढ्यापुरती एक होतात. पाणी ओसरलं की जो तो आपल्या काठाला.

वर्षातले बाकीचे महिने पांझरा ही शहराची गटार असते. मी लहान असताना पुलाखालून वास येत नव्हता असं मी म्हणणार नाही. येत होताच, पण उन्हाळ्यातही एखादा डोह राहायचा आणि त्यात म्हशी बसायच्या. आता जलपर्णी, प्लॅस्टिक आणि दोन्ही बाजूंनी उतरणारे नाले. नदीकाठानं काँक्रीटचे रस्ते झाले, झुलता पूल झाला, संध्याकाळी तिथं तरुण पोरं गाड्या लावून बसतात. म्हणजे नदीकडे बघायची सोय झाली, नदीची सोय कुणी केली नाही.

माझी धाकटी बहीण देवपुरातच राहते, शाळेत शिकवते. तिला मी एकदा म्हणालो की नदीकाठ आता छान झालाय. ती म्हणाली, "तुम्ही लोक येऊन नदी बघता, आम्ही नळ बघतो." धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि 'नळाचा दिवस' कोणता यावर घरातल्या बाईचा आठवडा ठरतो. कपडे, पाहुणे, माहेरी जाणं, सगळं. एका वाक्यात तिनं राहणं आणि येणं यातला फरक सांगितला. संध्याकाळी त्या सुंदर काठावर ती एकटी बसू शकत नाही, हेही तिनं पुढे सांगितलं. तिथं बसलेल्यांत बायका किती, हे तुम्ही पुढच्या वेळी मोजून बघा.

मुसाफिर की मुकीम?

आमच्यापैकी जे नमाजाचे पाबंद आहेत, त्यांच्यात दर ईदला एक चर्चा होते. गावी आलो की नमाज कस्र करायची की पूर्ण पढायची? हनफी फिक्हप्रमाणे ठरावीक अंतरापलीकडे प्रवासाला गेलेला माणूस मुसाफिर असतो, त्याच्या चार रकातींच्या फर्ज नमाजा दोनच होतात. एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा जास्त राहायची नियत केली की तो मुकीम होतो आणि पूर्ण पढतो. पण 'वतन-ए-असली', म्हणजे मूळ गाव, याला वेगळा नियम आहे. तिथं तासाभरासाठी आलात तरी नमाज पूर्ण. मग पुण्यात घर घेतलं, बायकोपोरं पुण्यात, पोरांचा जन्म पुण्यातला. देवपूर अजून वतन आहे का? आमच्याकडच्या एका मौलानांनी याचं सुंदर उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, "ते गाव तुम्ही कायमचं सोडलंय का, हे तुम्हीच सांगायचं. मी कसं सांगणार?"

गंमत म्हणजे आपल्या देशाचा कायदाही जवळपास असाच विचार करतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार होण्यासाठी माणूस त्या मतदारसंघात 'सामान्यतः रहिवासी' असावा लागतो. कलम २० सांगतं की एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे, एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि लगेच पुढे हेही सांगतं की तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जात नाही. घर असणं पुरेसं नाही, घरात नसणं हा गुन्हा नाही. तुमचं राहणं कुठं आहे ते बघितलं जातं.

फिक्ह आणि कायदा, दोन्ही आपल्याला एकच गोष्ट विचारतात: तुमचा इरादा काय आहे? आपल्यातल्या बहुतेकांनी या प्रश्नाला उत्तरच दिलेलं नाही. मतदार यादीत नाव देवपूरला, कारण बदलायचा कंटाळा. मतदानाच्या दिवशी पुण्यात, कारण सुट्टी मिळाली तरी एका दिवसात जाऊन येणं जमत नाही. म्हणजे आपण तिथलेही मतदार नाही आणि इथलेही नाही.

आणि पुण्यात तरी आपण कोण आहोत? भाड्याचं घर शोधताना नाव सांगितलं की फोनवर दोन सेकंद शांतता होते, मग "कालच गेलं हो" असं ऐकू येतं, हे आपल्यापैकी कुणाला नवीन नाही. मला तीन वेळा ऐकू आलं. शेवटी घर मिळालं ते आपल्याच लोकांच्या वस्तीत. अशा वागणुकीनंतर माणूस साहजिकच म्हणतो की हे शहर आपलं नाही, आपलं ते गावच. पण गावाकडे आपण पाहुणे. पुण्यात भाडेकरू आणि देवपुरात पाहुणे, म्हणजे रहिवासी कुठलेच नाही. ज्या समाजाच्या नागरिकत्वावर ऊठसूट प्रश्न विचारले जातात, त्या समाजातल्या शिकलेल्या पोरांनी असं अधांतरी राहणं ही मला आळसापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

पाण्यावर हक्क कुणाचा?

पांझरेच्या काठी एक जुनी व्यवस्था होती, आणि तिचे अवशेष साक्री-धुळे तालुक्यांत अजून दिसतात: फड पद्धत. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधलेले, बंधाऱ्यातून पाट काढलेला आणि पाटाखालच्या जमिनीचे 'फड' पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एका हंगामात एकच पीक घ्यायचं आणि पुढच्या वर्षी पीक फिरवायचं. गावातल्या माणसांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली, त्यामुळे ऊस फक्त एकाच्या वाट्याला आणि ज्वारी फक्त दुसऱ्याच्या, असं होत नसे. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. कुणी आपल्या मनानं पाटाला भोक पाडायचं नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फडांना द्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सरकार नावाची गोष्ट फारशी मध्ये न येता हे काही शतकं चाललं.

मला या व्यवस्थेत आवडतो तो एक नियम. पाटात गाळ साचतो, तो काढावा लागतो, आणि ज्याचं शेत पाटाखाली आहे त्या प्रत्येकानं त्या कामाला हातभार लावायचा. पाण्यावरचा हक्क आणि गाळ काढायचं काम एकाच दोरीनं बांधलेलं होतं. 'माझं फक्त पाणी, गाळ तुमचा' असं तिथं चालत नव्हतं.

ही पद्धत आता मोडकळीला आली. वर धरणं झाली, शेताशेतात विहिरी आणि पंप आले, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या मोटारीवर आलं. व्यवस्था का मोडली याचा दोष एकट्या कुणाला देता येणार नाही. पण त्याबरोबर गेली ती एक समज: नदी सगळ्यांची आहे म्हणजे तिच्यातलं कामही सगळ्यांचं आहे. आज आपण गावाकडून पाणी घेतो, म्हणजे आठवणी घेतो, ओळख घेतो, 'खानदेशी' असल्याचा अभिमान घेतो. गाळ मात्र तिथं राहणाऱ्यांसाठी सोडून जातो.

दोन काठ

आता थोडं अवघड बोलू. धुळ्याचं नाव देशभर पोहोचलं ते भरतामुळे नाही. २००८ ची दंगल आणि त्यानंतर ६ जानेवारी २०१३ चा मच्छीबाजार. पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि ऑफिसमध्ये पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "तू धुळ्याचा ना?" अशा घटनांनंतर शहरात भिंती उभ्या राहतात, त्या कुणी बांधत नाही. कोण कुठं घर घेतो, पोराला कुठल्या शाळेत घालतो, कुठल्या डॉक्टरकडे जातो, रात्री कुठल्या रस्त्यानं घरी येतो, यातून त्या वर येतात.

अब्बांनी नव्वदच्या दशकात देवपुरात घर बांधलं ते कॉलेजं जवळ म्हणून. तेव्हा लोकांनी त्यांना समजावलं होतं, आपल्या लोकांत राहा. आज माझे काही मित्र देवपूर सोडून पलीकडे, मोहल्ल्यात, घर घेतायत. भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण एक विचार करा. आपण 'माझं गाव' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं काय येतं? मशीद, मोहल्ला, मदरसा, कब्रस्तान, मामूचं दुकान. बाहेर राहून आपण पैसे पाठवतो तेही तिथंच: मशिदीच्या फरशीला, वजूखान्याला, इफ्तारला. नेक काम आहे, करावं. पण नदी, नाट्यगृह, सरकारी दवाखाना, सार्वजनिक वाचनालय, महापालिका हे सगळं आपल्या 'गावा'च्या नकाशात नसतंच. ज्यांना आपण तिथं नको आहोत, त्यांचं काम आपणच सोपं करतो.

खानदेशाच्या इतिहासात याच्या उलटा नमुना आहे. फारुकी घराण्याची सुरुवात झाली तापीकाठच्या थाळनेरला, आजच्या शिरपूर तालुक्यात. तिथं फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. किती जणांनी पाहिल्यात? याच घराण्यातल्या नासिर खानानं पुढे तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसवलं आणि समोरच्या काठावर जैनाबाद. एक नाव शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून, दुसरं त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांच्यावरून. दोघेही खुलदाबादला विसावलेले सूफी. एका काठाला मुर्शिदाचं नाव, दुसऱ्याला मुरीदाचं. गाव वसवणाऱ्याला एक काठ पुरला नाही.

आणि हा इतिहास फक्त सुलतानांचा नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ निघालं, ते आजही आहे. विनोबांनी १९३२ मध्ये गीतेवरची प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. डॉ. आंबेडकर १९३७ च्या जुलैअखेर धुळ्याच्या कोर्टात एका कामासाठी आले तेव्हा लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात राहिले, आणि त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला तिथं माणसं जमतात. हे सगळं माझ्या गावाचं आहे, म्हणजे माझं आहे. लळिंगच्या किल्ल्याचं फारुकींशी असलेलं नातं जेवढं माझं, तेवढाच त्याच्या पायथ्याचा तो बंगलाही माझा. हे म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त तिथं जावं लागतं.

गाव सोडणं हा गुन्हा नाही

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मी स्वतः घेतो. "गावात काम कुठं आहे? यंत्रमागावर बारा तास उभं राहायला परत जाऊ का?" नाही. कुणी परत जावं असं मी म्हणत नाही. आपल्या आई-बापांनी आपल्याला शिकवलं ते आपण बाहेर पडावं म्हणूनच. बाहेर पडण्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

यासाठी आमच्याच शेजारचं उदाहरण घेतो. अमळनेर, जळगाव जिल्हा, बोरी नदीकाठचं छोटं गाव. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तिथं वनस्पती तुपाचा कारखाना काढला. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आला. ऐंशीच्या दशकात कंपनी कंप्युटरमध्ये शिरली, आणि पुढचं विप्रो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्यालय बेंगळुरूला गेलं, धंदा जगभर गेला. पण अमळनेरच्या कित्येक साध्या घरांमध्ये विप्रोचे शेअर्स होते, काहींनी ते पिढ्यान् पिढ्या जपले आणि त्या शेअर्सवर घरं उभी राहिली, पोरं शिकली.

कंपनी गावात राहिली नाही, पण गावाचा तिच्यात हिस्सा राहिला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण गाव सोडलं हे ठीक. आपण जे काही झालो त्यात गावाचा हिस्सा किती, हे विचारायला हवं. आमच्याकडे कौशल्य आहे, वेळेवर येणारा पगार आहे, सरकारी कागद वाचता येतो, इंटरनेटवर माहिती शोधता येते, मोठ्या साहेबापुढं न घाबरता बोलता येतं. यातलं देवपूरला काय मिळतं? वर्षाला दोन फोटो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. "आपण काही बोललो तर त्याला लगेच धर्माचा रंग देतील. शांत राहिलेलं बरं." हे अनुभवातून आलेलं शहाणपण आहे आणि काही विषयांत ते मी मान्य करतो. पण सांडपाण्याच्या नाल्याला धर्म नसतो. देवपुरातला नाला आणि मोगलाईतला नाला एकाच पांझरेत उतरतात. नळाचा दिवस सगळ्यांचाच असतो. नागरिक म्हणून पहिलं पाऊल टाकायला याहून सुरक्षित आणि याहून सगळ्यांचा विषय मिळणार नाही. शांत राहून आपण आजवर सुरक्षित झालो आहोत का, हाही हिशेब एकदा मांडायला हवा.

मग करायचं काय

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे चार करता येण्याजोग्या गोष्टी सांगतो.

पहिली, मतदार यादी. तुम्ही खरंच जिथं राहता तिथं नाव नोंदवा आणि तिथं मत द्या. मी माझं नाव पुण्याला नेलं. त्यानं देवपूरशी नातं तुटलं नाही, उलट ते नातं मतापलीकडचं असू शकतं हे कळलं. भाडेकरू असलात तरी तुम्ही त्या वॉर्डाचे रहिवासी आहात, पाहुणे नाही. आणि गावाकडे राहणाऱ्या घरच्यांची, विशेषतः लग्न होऊन आलेल्या वहिनींची आणि अठरा पूर्ण केलेल्या भाच्यांची, नावं यादीत आहेत का, ती बरोबर लिहिली आहेत का, हे ईदच्या तीन दिवसांत तासाभरात तपासता येतं. 'शेख'चं 'शेक' झालेलं असतं, वडिलांच्या नावाच्या जागी गावाचं नाव असतं. आजच्या दिवसांत ही छोटी चूक नाही.

दुसरी, प्रश्न विचारणं. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शहराचं सांडपाणी रोज किती निघतं, त्यातलं किती शुद्ध होऊन नदीत जातं, देवपूर भागातले कोणते नाले थेट पांझरेत उतरतात, त्यांच्यासाठी गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला: चार प्रश्न, एक पान. उत्तरं आली की ती एका तक्त्यात आणि एका नकाशावर मांडा, मराठीत, आणि सगळ्या मोहल्ल्यांच्या आणि कॉलन्यांच्या ग्रुपवर टाका. आपण ऑफिसमध्ये परदेशी ग्राहकांसाठी रोज हेच करतो.

तिसरी, वॉर्ड समिती. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं आलेलं कलम २४३-एस म्हणतं की तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या नगरपालिका क्षेत्रात वॉर्ड समित्या असाव्यात. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. तुमच्या प्रभागाची समिती कधी बसते, तिच्यात काय ठरतं, हे विचारा. २०१८ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांच्या ते लक्षातही आलं? मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना साहेबासमोर निवेदन द्यायचं असतं, पण ते नीट मराठीत लिहून देणारा मिळत नाही. आपण मराठीत शिकलो, मराठीत विचार करतो. ही भाषा आपली आहे, आणि सरकार दरबारी कामाला येते. निवेदन लिहून देणं हा आपल्या वाट्याचा गाळ समजा. आणि ते लिहायला बसाल तेव्हा बहिणीला शेजारी बसवा, कारण नळाचा दिवस तिला पाठ आहे, तुम्हाला नाही.

चौथी आणि शेवटची, वेळ. लॉकडाऊनमध्ये आपण महिनोन् महिने गावाकडून काम केलं. वरच्या खोलीत लॅपटॉप, खाली अम्मीचा आवाज, लाइट गेली की मोबाईलचं इंटरनेट. काम अडलं नाही. आजही अनेक कंपन्या वर्षातले काही आठवडे घरून काम करू देतात. ते आठवडे आपण गोव्याला घालवतो किंवा पुण्याच्याच फ्लॅटमध्ये. वर्षातून एकदा सलग पंधरा दिवस गावी राहा. तीन दिवसांच्या ईदमध्ये गाव नटून बसलेलं असतं, त्याची अडचण दिसत नाही. पंधरा दिवसांत किमान दोन वेळा नळाचा दिवस चुकतो, एकदा सरकारी दवाखान्यात जावं लागतं, एकदा महापालिकेच्या खिडकीवर रांग लावावी लागते, शेजारच्या कॉलनीतल्या कुलकर्णी किंवा पाटील काकांशी चार वाक्यं जास्त बोलणं होतं, आणि ते काकाही त्याच नाल्याच्या वासानं वैतागलेत हे कळतं. तिथून पुढचं काम एकट्याचं राहत नाही.

पंधरा दिवसांची नियत केली की मुसाफिरही मुकीम होतो, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं आहे. पुढच्या ईदला जाल तेव्हा परतीचं तिकीट सोळाव्या दिवसाचं काढा.